विहारापुढचं वाळवण

होळी झाल्यावर कुणी वऱ्हाडात जातं का, असं मला साताऱ्यात ज्याने त्याने विचारलं. लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. आणि ही बाई निवृत्तीनंतरचा पहिला प्रवास करते तो अमरावती-अकोल्याचा, तोही पिशवीत पावडरीच्या पुड्या आणि विजेवर तापणारी शेकायची पिशवी घेऊन. ती शेकायची पिशवी बघून आमच्या यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तिथे माणसं भाजून निघतात. तू ऊब घेऊन चाललीस?" मी म्हटलं, माझ्यासाठी नाही, तुरीसाठी आहे. त्यावर त्यांनी पिशवीची चेन लावून दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली की गप्प कुठे बसायचं ते माणसाला कळतं.

पुडीत काय होतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखेच बघत राहाल. माझी सगळी नोकरी एन्झाइम बनवणाऱ्या कारखान्यात गेली. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, पण तो शब्द मी परीक्षेच्या पेपराबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. झाडाची प्रत्येक पेशी स्वतःभोवती एक भिंत बांधते. ती भिंत असते साखरेच्याच लांबच लांब साखळ्यांची, पण ती गोड लागत नाही आणि आपल्याला पचतही नाही. गाईच्या पोटातल्या जंतूंना आणि कुजक्या पानांवरच्या बुरशीला मात्र त्या साखळ्या तोडता येतात, कारण त्यांच्याजवळ त्यासाठीची कात्री असते. ती कात्री म्हणजे एन्झाइम. आम्ही बुरशी वाढवायचो, तिच्याकडून कात्र्या करून घ्यायचो आणि वाळवून विकायचो. तुमची नवीकोरी जीन्स दुकानातच विटकी दिसते, बाटलीतला सफरचंदाचा रस नितळ असतो, सुती कुडत्यावर धुतल्यावर गोळे धरत नाहीत, कोंबडीला दिलेलं खाद्य तिच्या अंगी लागतं, त्या सगळ्यात या कात्र्यांचा हात असतो. नाव मात्र कुणी घेत नाही, त्याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

आता रंजना. पुण्याच्या एका कृषी प्रदर्शनात आमचं टेबल होतं. तिथे ही सावळी, उंच बाई बराच वेळ उभी राहिली. मी दाखवायला ठेवलेली तूर तिने मुठीत घेतली, दोन्ही तळहातांत चोळली, फुंकर मारली आणि साल उडालेली पाहून मला विचारलं, "हे किती उन्हात झालं?"

"एका."

"खोटं तं नाई ना बोलून राह्यल्या?"

मला राग आला. इकडच्या माणसाने तेच विचारताना निदान 'म्हणजे, तसं नाही, पण' वगैरे घोळ घातला असता. नंतर कळलं, वऱ्हाडात प्रश्न असाच विचारतात आणि त्यात अपमान काही नसतो. तिने माझा नंबर घेतला आणि गेली.

तुरीचं दुखणं असं की तिची साल आतल्या डाळीला डिंकाने चिकटवल्यासारखी चिकटलेली असते. तो डिंकही त्याच साखळ्यांचा. तो सुटावा म्हणून तूर आधी खरबरीत रोलरमधून काढून ओरखडतात, मग तिला तेल चोळतात आणि चार-पाच उन्हं देतात. रोज सकाळी पसरा, संध्याकाळी गोळा करून झाका. अकोल्यातल्या मोठ्या गिरण्यांकडे गरम हवेची यंत्रं आहेत, त्यांना सूर्याची गरज नाही. बाळापूरजवळच्या खेड्यात रंजना आणि आणखी काही बायका मिळून जी लहानशी डाळगिरणी चालवतात, तिला मात्र मोकळी जागा लागते, आणि भरपूर लागते, कारण एक तूर वाळत पडलेली असतानाच दुसरी येते. त्यांची जागा म्हणजे वस्तीतल्या बुद्धविहारापुढचं पटांगण.

महिन्याभरापूर्वी रंजनाचा फोन आला. त्या पटांगणावर अभ्यासिका बांधायचं ठरलं होतं. वस्तीतली पोरं-पोरी परीक्षांचा अभ्यास एस.टी. स्टँडच्या बाकावर नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर करतात, म्हणून ही मागणी फार जुनी. बैठकीत पहिला हात रंजनानेच वर केला होता.

"मंग गिरणीचं काय?" मी तिच्याच भाषेत विचारून पाहिलं.

"तेच तं. एका उन्हात तूर वाळली तं माह्या घराच्या स्लॅबवर मावते. चार-पाच उन्हं लागली तं नाई मावत, मंग गिरणी बंद करा लागते. बाया जातीन दुसऱ्याच्या वावरात निंदाले. अभ्यासिका तं झालीच पायजे. पन गिरणीबी राह्यली पायजे. एका उन्हात होते म्हनल्या होत्या तुमी. या मंग."

झालं. बोलले होते ते निभावायला मी निघाले.

अमरावती

बडनेऱ्याला उतरले तेव्हा सकाळ होती आणि ऊन दुपारचं होतं. अमरावतीत माझं काम काहीच नव्हतं. कारखान्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ चांदूर बाजारला संत्र्याची बाग करतो, त्याच्याकडे एक मुक्काम करून पुढे जायचं होतं. पण मैत्रिणीने बजावलं होतं की अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस. तो खाल्ला. भिजून मऊ झालेला डाळीचा वडा, वर दही, त्यावर लाल तिखट आणि गोड चटणी. पहिल्या घासाला मला वाटलं, हा आपला दहीवडाच की. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि मी मनातल्या मनात माफी मागितली. गाडीवाल्याने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. बाहेरगावची माणसं तो लांबून ओळखत असावा.

चांदूर बाजार

मैत्रिणीचा भाऊ दिगंबरभाऊ आणि त्याची बायको शोभावहिनी, दोघंही पिढीजात फळबागा करणारी. मृगाच्या बहराची संत्री संपत आली होती. अंगणात ढीग होता तो बारक्या फळांचा, जी व्यापारी बाजूला काढून ठेवतो. वहिनींनी मला हातपाय धुवायला पाणी दिलं, माझ्या पिशवीतून डोकावणारी शेकायची पिशवी पाहिली आणि विचारलं, "कंबर धरते का तुमची?" तुरीचं सांगितल्यावर त्या अशा हसल्या की दिगंबरभाऊ बागेतून पळत आला, तर त्या त्याला म्हणाल्या, "पाहा ना वो, साताऱ्याहून वऱ्हाडात गरमी घेऊन आल्या बाई."

जेवायला झुणका-भाकरी होती. मी घास तोडणार तोच वहिनींनी झुणक्यात बोटाने खड्डा केला आणि त्यात कच्च्या तेलाची धार सोडली. मी हात आडवा घातला. आमच्याकडे पिठल्यावर फार तर तुपाचा थेंब. "कोरडं काहून खाता?" त्या म्हणाल्या, आणि माझा हात बाजूला सारून आणखी थोडं ओतलं. खरं सांगते, चव चांगली लागते. पण या वाक्याकडे मी तेव्हाच जास्त लक्ष द्यायला हवं होतं.

दुपारी मला खुमखुमी आली. संत्र्याच्या फोडींवर जी पांढरी शिरा-साल असते ती काढायला आमच्याकडे दुसरी पुडी असते. कोमट पाण्यात चिमूटभर पावडर घातली, फोडी सोडल्या आणि वाट पाहत बसलो. तासाभराने फोडी वरचा पापुद्रा सोडून नुसत्या केशरी गराच्या उरल्या. धुऊन ताटलीत काढल्या. दिगंबरभाऊच्या वडिलांना सगळे बापू म्हणतात. त्यांचे सगळे दात गेलेले. पहिला मान त्यांना दिला. त्यांनी फोड तोंडात ठेवली, गिळली, आणि जीभ तोंडभर फिरवून पाहिली.

"कसं लागलं, बापू?" वहिनींनी विचारलं.

"गोड हाये," बापू म्हणाले. "पन मंग थुंकाले काहीच नाई राह्यलं."

आयुष्यभर संत्रं चघळून चोथा थुंकलेल्या माणसाला फोड एकदम नाहीशी होणं पटलं नाही. पण ताटली मात्र त्यांनीच संपवली. दिगंबरभाऊच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. या बारक्या फळांचा रस काढून नितळ करून बाटलीत भरता येईल का, कडू होईल का, किती टिकेल, असं तो संध्याकाळपर्यंत विचारत राहिला. मला ठाऊक होतं ते सांगितलं, ठाऊक नव्हतं तिथे नाही म्हटलं. कडूपणाला माझी ही पुडी चालत नाही, त्याला वेगळी लागते, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडीत बसवून दिलं तेव्हा पिशवीत न मावणारी संत्री गळ्यात टांगायच्या बेतात होता. मी इतकी खूश होते की बाळापूर म्हणजे आता नुसती औपचारिकता आहे असं वाटत होतं.

बाळापूर

अकोल्याहून बाळापूरच्या गाडीत बसले. दोन्ही बाजूंना तूर काढून झालेली मोकळी शेतं, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला. किल्ला दिसला आणि शेजारच्या बाईने सांगितलं, "उतरा आता, तुमची मैतरीन उभी हाये." रंजनाचं वर्णन मी तिला वाटेत केलं होतं. तिला ते पुरलं.

रंजनाबरोबर तिची मुलगी प्रज्ञा होती. ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, कमी बोलते आणि काखेत कायम एक जाड पुस्तक. स्टँडवर माझी वाट पाहतानाही बाकावर बसून ती वाचतच होती, आणि शेजारी दोन माणसं मोठमोठ्याने म्हशीचा सौदा करत होती. रंजनाने तिकडे हनुवटीने दाखवलं. "पायलं? ही तिची लायब्ररी."

तिथून रिक्षाने त्यांच्या खेड्यात आलो. वस्ती स्वच्छ, घरं बहुतेक पक्की. विहार पांढरा, त्यावर पंचशील ध्वज, आणि पुढे ते पटांगण, त्यावर पिवळट तांबूस तुरीचे पट्टेच्या पट्टे. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिरणी. सहा-सात बायका पदर खोचून उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे रंजनाची चुलतसासू कमळाबाई, डोक्यावरून पदर, हात कोपरापर्यंत तुकतुकीत. गिरणी सुरू झाल्यापासून तुरीला तेल चोळण्याचं काम त्यांचं. त्यांच्या हाताला प्रमाण कळतं, असं सगळ्या म्हणत होत्या, आणि ते खरंही असावं.

मी फोनवर सांगितलं होतं तशी ओरखडलेली तूर शेडमध्ये ढीग करून ठेवली होती. मी मूठभर उचलली. काय चमक होती. "वा," मी म्हटलं, "आमच्याकडे तूर अशी तजेलदार नसते. वऱ्हाडच्या मातीतच काहीतरी आहे." कमळाबाई लाजल्यासारख्या हसल्या. मला वाटलं, मातीचं कौतुक केलं म्हणून.

मग मी पावडर कोमट पाण्यात कालवली, आम्ही सगळ्यांनी मिळून ती तुरीवर शिंपडली, हाताने वरखाली केली आणि ओला बारदाना घालून ढीग झाकला. शेडमध्ये पत्र्याखाली जी ऊब होती, ती मिळवायला आम्ही कारखान्यात वीज जाळायचो. शेकायची पिशवी पिशवीतच राहिली आणि त्यावर बायकांनी मला यथेच्छ चिडवलं. विहाराच्या समितीचे अध्यक्ष भीमरावदादा, पूर्वी एस.टी.त कंडक्टर होते, ते येऊन बघून गेले. परवा सकाळी चुन्याची फक्की टाकून पायाची आखणी करायची होती. "तोवर होते ना हे?" त्यांनी विचारलं.

"होते," मी म्हटलं. वऱ्हाडी इतकं झटकन जिभेवर बसतं, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तूर पटांगणावर पसरली. ऊन असं की अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. दुपार कलल्यावर ती रोलरमध्ये घातली. गिरणी खडखडली, धूळ उडाली, आणि खालच्या घमेल्यात जे पडायला लागलं ते पाहायला सगळ्या वाकल्या. अर्ध्या दाण्यांवर साल तशीच चिकटलेली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांचा चुरा झाला होता. रंजनाने मूठ भरून तळहातांत चोळली, फुंकर मारली. काही उडालं नाही.

मी बोलत सुटले. पावडर प्रवासात तापली असेल, पाणी खारट असेल, ऊन जास्त झालं असेल. रंजनाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "नाई होत तं नाई म्हना, ताई. आमाले तसं कळलं तं आमी दुसरं काही पाहू." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. बायका घमेली उचलून निघून गेल्या. प्रज्ञा विहाराच्या पायरीवर पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, अभ्यासिका पुढच्या साली बांधली तं नाई चालत का?"

"नाई चालत," रंजना म्हणाली. "पुढच्या साली तू कुटी राहशीन अन् मी कुटी राहीन."

मला लाज वाटली. इतक्या लांब येऊन मी दोघींना एकमेकींसमोर उभं केलं होतं. मला उगाच घरची आठवण यायला लागली.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. कमळाबाईंनी वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, झुणका. मी मान खाली घालून खात होते. कमळाबाईंनी तेलाची वाटी आणली.

"नको," मी म्हटलं.

"कोरडं काहून खाता बाई?" त्यांनी धार धरलीच. "कोरडं पोटाले झोंबते. म्या तं तुमच्या तुरीलेबी कोरडं नाई राहू देलं."

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हंजे काय? तुमी येनार म्हनून आदल्या सांजीले तेलाचा हात मारून ठेवला ना. तुमची पावडर शहरातली, कोरड्या तुरीले कशी झोंबली असती थे."

"काकू," रंजना म्हणाली, "तुमाले तेल लावाले कोनं सांगतलं होतं?"

"सांगाले काय लागते?" कमळाबाईंना प्रश्नच कळला नाही. "तूर ओरखडून ठेवजा, म्हनली तू. ओरखडली का तेल लावाच लागते. हे काय सांगाची गोष्ट हाये?"

बरोबरच होतं त्यांचं. बाहेर जाताना चप्पल घाल, असं आपण कुणाला सांगत नाही. त्यांच्यासाठी ओरखडणं आणि तेल लावणं हे एकच काम होतं, त्याला दोन नावं नव्हती. आणि माझी कात्री चालते पाण्यात. ओरखड्यांमधून पाणी आत शिरलं तरच ती डिंकापर्यंत पोचते. कमळाबाईंनी मायेने प्रत्येक ओरखडा तेलाने बुजवून टाकला होता. त्यावर आम्ही हौसेने पाणी शिंपडत बसलो. आणि मी, जन्मभर प्रयोगशाळेत काढलेली बाई, तेल लावलेल्या तुरीला वऱ्हाडची माती म्हणून नावाजत होते. मला आधी रडू येतंय असं वाटलं, पण आलं हसू. ते थांबेना. मग रंजनाही हसायला लागली. कमळाबाई आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि साबणाने हात धुवायला लागल्या. कितीतरी वेळ घासत होत्या. मग आत येऊन मला हात वास घ्यायला दिले. "आता पाहा. हाये का तेल?"

नव्हतं. आम्ही जेवण अर्धं टाकून शेडकडे निघालो. अंधार पडायच्या आत थोडी तूर नव्याने ओरखडली, दोन घमेली भरतील इतकीच. ती कोरडीच ठेवली. उरलेली पावडर कालवली, शिंपडली, आणि पाणी या वेळी दाण्यांवरून ओघळलं नाही, आत जिरलं. पण आता प्रश्न उबेचा होता, कारण फाल्गुनात तिकडे दिवसा भाजतं तरी रात्र गार असते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानाने शेकायची पिशवी काढली. तूर एका लहान पिंपात भरली होती, त्याला ती गुंडाळली, बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि थोड्याच वेळात गावची लाइट गेली.

"गेली तुमची साताऱ्याची गरमी," रंजना म्हणाली.

तेव्हा कमळाबाई घरून गोधड्या घेऊन आल्या. सगळ्या त्यांच्या हाताने शिवलेल्या. विरजण लावलेलं भांडं गुंडाळतात तसं त्यांनी ते पिंप गुंडाळलं, कडा आत खोचल्या आणि वर हात ठेवून पाहिला. "राहीन गरम," त्या म्हणाल्या. त्यांच्या सुनेला त्या रात्री पांघरायला काय उरलं, ते मी विचारलं नाही.

पटांगण

सकाळी गोधड्या सोडल्या तेव्हा आतून भिजवलेल्या मोडांसारखा वास आला. मी एक दाणा चिमटीत धरून दाबला. साल किंचित सरकली. मी दाणा परत ठेवला. परवाच्या फुशारकीने माझी जीभ चांगलीच शहाणी झाली होती. आम्ही तूर पटांगणाच्या मधोमध अगदी पातळ पसरली. त्या सकाळी तिथे तेवढीच तूर होती. बाकीची सगळी रंजनाने उचलून शेडमध्ये नेली होती, कारण फक्की टाकायला समिती येणार होती.

समिती आलीच. भीमरावदादा, दोन माणसं, एक गवंडी, दोरीचं बंडल आणि फक्कीची गोणी. रंजना पुढे झाली.

"दादा, ऊन कलू द्या. तोवर चहा घ्या."

"आन् नाई झालं तं?"

"नाई झालं तं दुपारच्याले टाका फक्की. झालं तरीबी टाका. म्या नाई म्हनत नाई. पन ऊन कलू द्या."

भीमरावदादांनी गोणी कडेच्या कडुलिंबाखाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. मला फार बरं वाटलं. कंडक्टर माणूस, वेळेचा पक्का, पण थांबला. चहा झाला, पाणी झालं, मग परत चहा झाला. कमळाबाई मधूनमधून उठून तूर वरखाली करत होत्या, फक्त दोन बोटांनी, जणू हाताला अजून तेल असेल अशा. प्रज्ञाचं पुस्तक पायरीवर उघडं होतं आणि ती सावलीत उभी राहून आईकडे पाहत होती.

ऊन कललं. तूर गोळा करून शेडमध्ये नेली. रोलर सुरू झाला. मी मुद्दाम दाराशी उभी राहिले, जवळ गेलेच नाही. आधी भुसा उडाला, हलका, तपकिरी, भरपूर. मग घमेल्यात डाळ पडायला लागली. ती पिवळी होती. अख्ख्या अख्ख्या पाकळ्या. थोड्या दाण्यांना साल होतीच, शंभर टक्के काही नव्हतं, आणि तसं मी लगेच सांगूनही टाकलं, पण माझं कुणी ऐकत नव्हतं. रंजनाने मूठ भरली, दोन्ही तळहातांत चोळली आणि फुंकर मारली. साल उडाली.

"होते," ती म्हणाली.

कमळाबाईंनी घमेल्यातली चिमूटभर डाळ घेतली, दाताखाली धरली, चावली. "बिनतेलाची हाये," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पन हाये."

रंजना शेडबाहेर आली ती सरळ लिंबाखाली. भीमरावदादांना उठवलं, गोणीतून फक्कीची टोपली भरली. गवंड्याने दोरी ताणली. जिथे गिरणी सुरू झाल्यापासून तूर वाळत आली होती, जिथल्या जमिनीत तेल मुरून ती जागा काळपट झाली होती, तिथून रंजनाने वाकून पांढरी रेघ ओढायला सुरुवात केली. तिचा हात सरळ होता. बायका शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एका बाजूची रेघ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी रेघ अर्धी असताना ती थांबली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "प्रज्ञा, इकडे ये. खिडकी कोन्या बाजूनं पायजे थे सांग. मंग म्हनशीन उजेड नाई येत."

प्रज्ञा पायरीवरून उतरली. पांढऱ्या रेघा ओलांडून आत गेली, जिथे अजून काहीच नव्हतं, चार पावलं चालली, जमिनीवर बसली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि मान वर करून डोळे बारीक केले.

"इकडून," ती म्हणाली. "इथून गिरणी दिसते."